स्फुरद: जमिनीतले आणि जीवनातले

काही शब्द असे असतात, की ते रोज कानांवरून जातात. परंतु त्यांचा अर्थ विचारला असता माणूस क्षणभर थबकतो. ‘फॉस्फेट’ हा असाच एक शब्द आहे. शेतकरी खताच्या दुकानात तो उच्चारतो. रक्ततपासणीच्या कागदावर तो छापलेला असतो. दंतमंजनाच्या वेष्टनावर, केक फुगविण्याच्या पुडीच्या डब्यावर, धुण्याच्या चुऱ्याच्या पिशवीवर, आग विझविण्याच्या नळकांड्यावर तो बारीक अक्षरांत आढळतो. आणि त्याच्याच कुळातील वाटणारे एक नाव उंदीर मारण्याच्या विषाच्या पुडीवरही दिसते. अन्नात असणारी, हाडांत असणारी आणि विषातही असणारी ही वस्तू एकच आहे काय? एकच असेल, तर ती एके ठिकाणी पोषक आणि दुसऱ्या ठिकाणी घातक कशी? हा उलगडा करून घेणे केवळ जिज्ञासेपोटी नव्हे, तर व्यवहाराच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

या शोधाची सुरुवात इसवी सन १६६९ मध्ये, जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाली. तेथे हेनिग ब्रँड नावाचा एक किमयागार सोन्याच्या शोधात होता. मूत्राचा रंग सोनेरी, तेव्हा त्यातून सोने निघावे, अशी त्याची समजूत. त्याने मोठ्या प्रमाणावर मूत्र साठविले, आटविले आणि उरलेला गाळ प्रखर आचेवर तापविला. सोने मिळाले नाही. परंतु अंधारात मंद हिरवट प्रकाशाने चमकणारा मेणासारखा एक पदार्थ हाती आला. ग्रीक भाषेत प्रकाश वाहून आणणाऱ्याला ‘फॉस्फोरोस’ म्हणतात. त्यावरून या पदार्थाचे नाव फॉस्फरस पडले. आपल्याकडे त्यासाठी ‘स्फुरद’ हा शब्द रूढ झाला. चमकणे, स्फुरणे हा भाव त्यात नेमका उतरला आहे. शहरी बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही; पण शेतकऱ्याच्या तोंडी नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी आज इतकी सहज बसली आहे, की ती मुद्दाम घडविलेली परिभाषा आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. एखादा पारिभाषिक शब्द पुस्तकातून उठून बांधावर जाऊन बसावा, ही गोष्ट आपल्या भाषेत वारंवार घडत नाही.

येथे पहिला भेद ध्यानात घेतला पाहिजे. फॉस्फरस हे मूलद्रव्य आणि फॉस्फेट हे त्याचे संयुग. ब्रँडला सापडलेला पांढरा फॉस्फरस अत्यंत विषारी असून हवेत नुसत्या उष्म्यानेही पेट घेतो. म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. परंतु फॉस्फरसच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू चौफेर जडले, की जी जोडणी तयार होते तिला फॉस्फेट म्हणतात, आणि ती अगदी शांत व स्थिर असते. निसर्गात फॉस्फरस मोकळा असा सापडत नाही. तो बहुतेक सर्वत्र या फॉस्फेटच्या रूपातच आढळतो. या भेदाला मिठाचा दाखला पुरेसा आहे. क्लोरीन हा विषारी वायू आणि सोडियम हा पाण्यात पडताच भडकणारा धातू. पण या दोहोंच्या संयोगातून होते ते आपल्या पानात वाढले जाणारे मीठ. घटकाचा स्वभाव संयुगात टिकतोच असे नाही, हे रसायनशास्त्राचे एक मूलभूत सूत्र होय.

पांढऱ्या फॉस्फरसच्या दाहक स्वभावाची किंमत एकोणिसाव्या शतकातील आगपेट्यांच्या कारखान्यांतील मजुरांनी मोजली. त्याच्या वाफा श्वासावाटे घेणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जबड्याची हाडे कुजत. १९०६ साली बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अशा काड्यांवर बंदी घालण्याचे ठरले आणि १९१३ साली हिंदुस्थानातही तसा कायदा झाला. आज आपण जी काडी ओढतो तिच्या गुलात फॉस्फरस नसतो. तो पेटीच्या बाजूवरील तपकिरी पट्टीत असतो, आणि तोही तांबडा, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी जातीचा.

दुसरा भेद नावांचा आहे, आणि तो न कळल्यास जिवावर बेतू शकते. फॉस्फेट आणि फॉस्फाइड यांत केवळ एका अक्षराचे अंतर वाटते. पण गुणधर्मांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झिंक फॉस्फाइड हे उंदराचे विष. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारांत वापरल्या जातात. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच या गोळ्यांमधून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो आणि तो माणसालाही मारतो. राहत्या घरात, निजण्याच्या खोलीत, धान्याच्या कणगीत या गोळ्या ठेवणे म्हणजे घरात काळ आणून ठेवणे होय. त्यावर नेमका उतारा आजही उपलब्ध नाही. तिसरी शाखा सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची. मोनोक्रोटोफॉससारखी ही द्रव्ये किड्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. पण माणसाची मज्जासंस्थाही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे वापरल्या गेलेल्या औषधांत याही जातीची औषधे होती. तेव्हा खताच्या पोत्यावरील फॉस्फेट आणि औषधाच्या बाटलीवरील ‘फॉस’ हा प्रत्यय यांना एकाच मापाने मोजता कामा नये. पहिले हाताळल्यास हात धुतले की पुरते. दुसऱ्यासाठी हातमोजे, तोंडावर आच्छादन आणि वाऱ्याची दिशा पाहणे हे सर्व आवश्यक ठरते.

आता मूळ फॉस्फेटकडे वळू. ब्रँडनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७७० च्या आसपास, गान आणि शील या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हाडांचा मुख्य खनिज घटक म्हणजे चुनखडीतील कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे संयुग होय. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातील जवळजवळ ८५ टक्के हाडांत व दातांत साठविलेला असतो. हाडाला जो ताठपणा येतो आणि दाताला जी कठीणता येते, ती या संयुगामुळे.

परंतु उरलेला पंधरा टक्के भाग अधिक विस्मयकारक काम करतो. त्या कामाचा उलगडा होण्यात एका भारतीयाचा फार मोठा वाटा आहे. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. तेथे सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी १९२५ साली रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. द्रावणात ठराविक रसायने मिसळली, की निळा रंग येतो. जितका रंग गडद, तितका फॉस्फरस अधिक. ‘फिस्क-सुब्बाराव पद्धती’ या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. याच मापनाच्या आधाराने या दोघांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे संयुग शोधले आणि १९२९ साली अॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच ‘एटीपी’, वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे ओळखले.

या एटीपीच्या रेणूला तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील टोकाचा दुवा सुटला, की शक्ती मोकळी होते. अन्नाच्या ज्वलनातून तो दुवा पुन्हा जोडला जातो. हात उचलणे, पापणी लवणे, हृदयाचा ठोका पडणे, विचार करणे, या प्रत्येक क्रियेचा खर्च याच नाण्यात चुकता होतो. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी फार थोडे असते. पण ते इतक्या झपाट्याने मोडले आणि जोडले जाते, की दिवसभराची ही उलाढाल मोजली तर ती माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाते. याशिवाय आनुवंशिक गुणांची लिपी ज्या डीएनएच्या दुहेरी माळेत कोरलेली असते, त्या माळेचा दोराच मुळी साखर आणि फॉस्फेट यांच्या आळीपाळीने गुंफलेल्या दुव्यांचा असतो. फॉस्फेट नसेल तर हाडे नाहीत, बळ नाही आणि पुढची पिढीही नाही. ही अतिशयोक्ती नव्हे, वस्तुस्थिती आहे.

सुदैवाने फॉस्फेट मिळविण्यासाठी माणसाला खटपट करावी लागत नाही. दूध, दही, डाळी, मासे, अंडी, ज्वारी-बाजरी, तीळ, शेंगदाणे या सर्वांत ते विपुल असते. मात्र धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत ते ‘फायटेट’ या बांधलेल्या स्वरूपात असते. हे फायटेट आपल्याबरोबर लोह आणि जस्त यांनाही बांधून ठेवते आणि शरीराला ती द्रव्ये पुरेशी मिळू देत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील जुन्या रीतींचे शहाणपण येथे दिसून येते. मटकीला मोड आणणे, आंबोळीचे पीठ रात्रभर आंबविणे, कडधान्ये भिजत घालणे, यांमुळे बियांतील पाचके जागी होऊन फायटेटची गाठ सैल होते. ही युक्ती शोधणाऱ्या सुगरणींना फायटेटचे नाव ठाऊक नव्हते. परिणाम मात्र ठाऊक होता.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने पीडित असलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी आहे. निरोगी मूत्रपिंड जादा फॉस्फेट शरीराबाहेर टाकते. दुबळे मूत्रपिंड ते टाकू शकत नाही. मग रक्तात साठलेले फॉस्फेट हाडांतील कॅल्शियमचा तोल बिघडविते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण करते. अशा रुग्णांनी डाळ-भाताचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्याने ठरवावयाचे असतेच; पण त्याहून अधिक जपावयाचे असते ते डब्यातील, बाटलीतील आणि पाकिटातील तयार पदार्थांना. कोला जातीच्या पेयांतील आंबटपणा फॉस्फोरिक आम्लाचा असतो, आणि साठवणीच्या चीजमध्ये ते एकजीव राहावे म्हणून फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात. धान्यातील फॉस्फेटपेक्षा हे मिसळलेले फॉस्फेट रक्तात अधिक सहजतेने शिरते.

जनावरांच्या बाबतीत फॉस्फेटची उणीव खरोखरच आढळते. गाय हाडे चघळू लागली, माती वा चिंध्या खाऊ लागली, तर ते केवळ खोडकरपणाचे लक्षण नव्हे. चाऱ्यात स्फुरद कमी पडत असल्याची ती तक्रार असू शकते. व्यालेल्या म्हशीला काही दिवसांनी तांबडी लघवी होऊ लागते, त्यामागेही पुष्कळदा रक्तातील स्फुरदाची घट असते. दुधावाटे ते भराभर बाहेर जात असते आणि नुसत्या कडब्यावर ती तूट भरून निघत नाही. गव्हाचा कोंडा, पेंड आणि क्षारमिश्रण यांचे मोल अशा वेळी कळते. तांबडी लघवी दिसताच मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्याला बोलावणे हेच श्रेयस्कर.

गायीच्या चाऱ्यात स्फुरद कमी पडते, कारण तो चारा ज्या जमिनीत उगवला तीतच ते कमी पडलेले असते. येथून हा विषय शेतीत उतरतो. दर पिकाबरोबर धान्याच्या दाण्यांतून स्फुरद शेताबाहेर जाते. जुन्या काळी ते बऱ्याच अंशी परत येई. शेणखत, लेंडीखत, गावकुसाबाहेरचे सोनखत, धनगरांच्या मेंढ्या रात्रभर शेतात बसविण्याची प्रथा, ही सारी त्या परतफेडीची साधने होती. मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देई, यातच त्या खताची किंमत ओळखलेली दिसते. पुढे माल दूर देशी जाऊ लागला आणि हे चक्र तुटले. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात हा प्रश्न मांडला होता. तेलबिया आणि हाडे जहाजात भरून परदेशी जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जमिनीचा कसही जातो, याकडे त्याने लक्ष वेधले.

ती हाडे इंग्लंडला कशासाठी हवी होती? हाडांचा चुरा शेतात टाकल्यास पीक सुधारते, हे तेथील शेतकऱ्यांना अनुभवाने कळले होते. परंतु चुरा सावकाश विरघळतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० साली वनस्पतींच्या पोषणाची शास्त्रीय मीमांसा केली आणि १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात विरघळणारे खत बनविण्याचा एकाधिकार मिळविला. हेच सुपरफॉस्फेट. रसायनशास्त्रीय युक्ती अशी, की हाडातील अथवा खडकातील फॉस्फेटला कॅल्शियमने घट्ट धरून ठेवलेले असते. गंधकाम्ल त्या कॅल्शियमचा बराचसा भाग स्वतःकडे ओढून त्याचे जिप्सम बनविते आणि फॉस्फेट मोकळे होते. लॉज यांनी रॉथमस्टेड येथे १८४३ पासून सुरू केलेले खतांचे प्रयोग आजही त्याच जमिनीवर चालू आहेत. भारतात सुपरफॉस्फेटचा पहिला कारखाना १९०६ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील राणीपेठ येथे निघाला.

आज बाजारात मिळणाऱ्या पोत्यावरील आकडे कसे वाचावयाचे, हे सांगणे अवश्य आहे. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा नत्राचा आणि दुसरा स्फुरदाचा. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. परंतु हे ‘२३ किलो’ शुद्ध फॉस्फरसचे नव्हेत. जुन्या प्रघातानुसार ते त्याच्या ऑक्साइडच्या मापाने सांगितलेले असतात. प्रत्यक्ष फॉस्फरस त्यात सुमारे १० किलोच असतो. सिंगल सुपरफॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ८ किलो. पण त्याबरोबर कॅल्शियम आणि सुमारे ११ टक्के गंधकही मिळते. भुईमूग, सोयाबीन, करडई, मोहरी अशा तेलबियांना गंधकाची गरज अधिक असते. तेव्हा केवळ आकडा मोठा म्हणून एकाच खताच्या मागे धावणे, आणि ते मिळाले नाही म्हणून पेरणी खोळंबून ठेवणे, हे हिशेबाला धरून नाही. सुपरफॉस्फेटची सुमारे तीन पोती घेतली, की डीएपीच्या एका पोत्यातील स्फुरद भरून निघते. नत्राची उणीव थोड्या युरियाने भरून काढता येते.

खत जमिनीत पडले म्हणजे पिकाला मिळाले, असेही नाही. फॉस्फेटचा स्वभाव मोठा चिकट आहे. नत्र पाण्याबरोबर वाहते. फॉस्फेट जेथे पडते तेथेच मातीच्या कणांना धरून बसते. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ते कॅल्शियमशी संयोग पावून पुन्हा अविद्राव्य होते. कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात. परिणामी घातलेल्या स्फुरदापैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपासच पहिल्या हंगामातील पिकाला लाभते. उरलेले नष्ट होत नाही. ते जमिनीच्या पेढीत मुदतबंद ठेवीसारखे पडून राहते आणि हळूहळू सुटते.

यावरून काही सरळ नियम निघतात. स्फुरदाचे खत उभ्या पिकावर फेकू नये. पेरणीच्या वेळीच, बियाच्या खाली दोन बोटे आणि किंचित बाजूला, मातीत पेरावे. दोन चाड्यांची पाभर याच कामासाठी आहे: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. शेणखत वा कंपोस्टबरोबर दिलेले स्फुरद जमिनीत कमी अडकते. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बियांवर प्रक्रिया केली, तर अडकलेल्या ठेवीपैकी काही भाग सुटण्यास साहाय्य होते. कोकणासारख्या आम्लधर्मी जमिनीत खडकाची नुसती भुकटीही काही अंशी उपयोगी पडते. काळ्या जमिनीत ती फारशी विरघळत नाही. मक्याची वा ज्वारीची खालची, जुनी पाने जांभळट दिसू लागली, रोप खुरटले आणि मुळे तोकडी राहिली, तर स्फुरदाची उणीव आहे, असा संशय घ्यावा. याउलट वर्षानुवर्षे भरमसाट स्फुरद घातलेल्या जमिनीत ते पिकाला जस्त नीट मिळू देत नाही. म्हणून माती तपासून, मृद आरोग्य पत्रिकेतील आकडे पाहून मात्रा ठरविणे, हाच खरा काटकसरीचा मार्ग.

शेताबाहेरही फॉस्फेटचा संचार मोठा आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसाच्या रसाची निवळण त्याच्यावरच अवलंबून असते. रसात फॉस्फेट पुरेसे नसेल तर थोडे फॉस्फोरिक आम्ल घालतात, मग चुना. दोहोंच्या संयोगातून कॅल्शियम फॉस्फेटचा जो कापसासारखा साका बनतो, तो रसातील गढूळपणा कवटाळून तळाशी बसतो. गाळणीवर उरणारा काळपट चोथा, म्हणजेच प्रेसमड, पुन्हा शेतात खत म्हणून जातो. बेकिंग पावडरमध्ये खाण्याच्या सोड्याला फसफसविणारे आम्ल पुष्कळदा फॉस्फेटचेच असते. अनेक दंतमंजनांत दात घासणारी मऊ भुकटी कॅल्शियम फॉस्फेटची असते. सायकलीच्या वा मोटारीच्या पत्र्याला रंग देण्यापूर्वी फॉस्फेटच्या द्रावणात बुडवितात. त्यामुळे पत्र्यावर एक पातळ थर जमतो, रंग घट्ट बसतो आणि गंज दूर राहतो. कचेरीच्या भिंतीवर टांगलेल्या आगीच्या नळकांड्यातील पिवळसर भुकटीत बहुधा अमोनियम फॉस्फेट असते; ते तापून वितळते आणि जळत्या लाकडावर किंवा कागदावर पापुद्रा धरून हवेचा संबंध तोडते. ‘बोन चायना’ या चिनी मातीच्या नाजूक भांड्यांच्या नावातच हाडे आहेत. त्या मातीत हाडांची राख मिसळलेली असते.

धुण्याच्या चुऱ्यात फॉस्फेट घालण्याचे कारण जड पाणी. विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम फेस होऊ देत नाहीत. फॉस्फेट त्यांना बाजूला धरून ठेवते. पण हे पाणी गटारातून नदीला जाऊन मिळते, तेव्हा खताचे काम तेथेही चालूच राहते. कॅनडात १९७३ साली एका सरोवराचे पडदा टाकून दोन भाग केले गेले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही. थोड्याच महिन्यांत दुसरा भाग शेवाळाने हिरवागार झाला आणि पहिला स्वच्छ राहिला. या प्रयोगाने पुष्कळ वाद मिटविला. अनेक देशांनी धुण्याच्या चुऱ्यांतील फॉस्फेटवर निर्बंध घातले. मुंबईचा पवई तलाव, पुण्याची मुळा-मुठा, टिटवाळ्याजवळची उल्हास नदी येथे जी जलपर्णी पसरते, तिचे पोषण सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवरच होते. ही पर्णी दरवर्षी यंत्रांनी उपसून काढली जाते. मूळ सांडपाणी शुद्ध होत नाही, तोवर ती पुन्हा उगवते. शेतात ज्याची वाण, तेच नदीत पूर होऊन वाहते, असा हा विपरीत प्रकार आहे.

त्या विपर्यासाचे गांभीर्य समजण्यासाठी फॉस्फेट येते कोठून, हे पाहिले पाहिजे. नत्र हवेतून मिळविता येते; हवा सर्वांची आहे. फॉस्फेटचा खडक मात्र थोड्याच देशांच्या वाट्याला आला आहे. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या प्रदेशांत आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले ते थर आहेत. भारतात १९६८ साली राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे चांगला साठा सापडला. मध्य प्रदेशातही काही साठे आहेत. परंतु देशाची गरज त्यांनी भागत नाही. खडक, आम्ल किंवा तयार खत अशा या ना त्या रूपात बहुतांश फॉस्फेट आपण आयात करतो. २००८ साली जगाच्या बाजारात या खडकाचा भाव वर्ष-सव्वा वर्षात सुमारे आठपट चढला, तेव्हा त्याची झळ सरकारी अनुदानाच्या आकड्यांना लागली. २०२१ साली चीनने निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा डीएपीसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. मोरोक्कोच्या वाळवंटातील एक निर्णय आणि विदर्भातील एक पेरणी यांमध्ये असा थेट धागा आहे.

साठा संपला म्हणजे काय होते, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील नाऊरू बेटाने घालून दिले आहे. अवघे २१ चौरस किलोमीटरचे हे बेट. तेथील फॉस्फेट विसाव्या शतकाच्या आरंभापासून परक्यांनी खणून नेले आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या कुरणांवर पसरले. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले, खाणींचे उत्पन्न हाती आले आणि काही काळ तेथील लोक जगातील अतिश्रीमंतांत गणले गेले. पुढे खडक संपत आला. बेटाच्या सुमारे चार पंचमांश भागावर आज ओसाड, टोकदार सुळके उभे आहेत. त्यावर शेती होत नाही. या नुकसानीबद्दल नाऊरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि १९९३ साली तडजोड झाली. पैसा मिळाला, जमीन मिळाली नाही.

कोळशाला वारा आणि सूर्य हे पर्याय निघाले. फॉस्फेटला पर्याय नाही, कारण ते इंधन नव्हे, प्रत्यक्ष देहाचा घटक आहे. मात्र एक दिलासा आहे: कोळसा जळून जातो, फॉस्फरस जळून नाहीसा होत नाही. तो केवळ स्थान बदलतो. खडकातून शेतात, शेतातून धान्यात, धान्यातून माणसात, आणि माणसातून गटारात तो जातो. गटारातून पुन्हा शेतात येण्याची वाट तेवढी बुजली आहे. काही देशांत सांडपाण्यातून स्फुरदाचे खडे पुन्हा काढले जाऊ लागले आहेत. आपल्या गावांत गोठ्याचे खत उघड्यावर पावसात वाहू न देता खड्ड्यात नीट कुजविणे, मळीचा व हाडांच्या चुऱ्याचा उपयोग करणे, सांडपाण्याचा शुद्ध केलेला गाळ तपासून शेतीला देणे, हे मार्ग त्याच दिशेचे आहेत. हेनिग ब्रँडला मूत्रात सोने मिळाले नाही, म्हणून तो निराश झाला असेल. आपल्या पूर्वजांनी मात्र ज्या खताला ‘सोनखत’ म्हटले, त्या नावात अधिक अचूक रसायनशास्त्र होते.